भोयेमामांचा ओहळ

कोरड्या हाताने माशाला शिवायचं नाही, हा भोयेमामांचा पहिला नियम. प्रयोगशाळेत नवीन आलेला विद्यार्थी असो की बाहेरगावचा परीक्षक, टबात हात घालायला कोणी पुढे झालं की मामा मधे येत आणि शांतपणे म्हणत, "आधी हात ओले करा." माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताला लागून निघून येतो आणि पुढे त्याला रोग होतो, असं आम्ही पुस्तकातून शिकवायचो. मामा कारण देत नसत. फारच विचारलं तर म्हणत, "त्याला पोळतं."

मामा आमच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. कॉलेजात परिचराला आणि शिपायाला सगळे मामाच म्हणतात, आणि एकदा मामा म्हटलं की त्या माणसाला आडनावापलीकडे काही नाव आहे का, हे कोणी विचारत नाही. मीही कितीतरी महिने विचारलं नव्हतं. मूळचे सुरगाण्याकडचे, पण तीस वर्षं नाशकात काढलेली. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. खाकी पँट कायम घोट्याच्या वर दोन घड्या दुमडलेली. विभागप्रमुखांनी त्यावरून त्यांना दोनदा हटकलं होतं. मामा तेवढ्यापुरती पँट खाली करायचे आणि जिना उतरता उतरता परत दुमडायचे.

मी सटाण्याची. आमच्याकडे माणसं कांद्याबद्दल तासभर बोलतील, माशाबद्दल मिनिटभर नाही. तरी मी हट्टाने माशांवर पीएच.डी. केली, आणि या कॉलेजात रुजू झाले तेव्हा या विषयात मला शिकवायला आता कोणी उरलेलं नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पहिल्याच आठवड्यात मामांनी लोणच्याची एक काचेची बरणी माझ्या टेबलावर आणून ठेवली. आत बोटभर लांबीचा जिवंत मासा.

"मॅडम, हे कोण?"

मी भिंग घेतलं. परांचे काटे मोजले, खवल्यांच्या ओळी मोजल्या, दोन पुस्तकं चाळली आणि पाऊण तासाने लॅटिन नाव सांगितलं. मामा तोवर शेजारी उभे होते.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पण तो आजारी हाय, ते नाय सांगितलं."

"ते कशावरून?"

"एवढा वेळ मोजू दिलं त्यानं. बरा असता तर दिलं असतं का?"

बरणी उचलून ते निघून गेले. दुसरा कोणी असता तर मी त्याला उद्धट म्हटलं असतं. पण मामांच्या स्वरात टोमणा नव्हता. माझं एक निरीक्षण राहून गेलं होतं, ते त्यांनी पुरं करून दिलं होतं. टोमणे त्यांनी वेगळे ठेवले होते. माझा आईशी फोन चालू असला की आमची अहिराणी ऐकून ते दारातूनच म्हणायचे, "काय शे मॅडम, कांदा बरा शे का?" आणि वर, "तुमच्या बागलाणात पाण्यात काय पोहतं का, का नुसता कांदाच?" मी चिडले की त्यांना समाधान वाटे.

विभागात काचेचं एक मोठं कपाट होतं. त्यात फॉर्मालिनच्या बरण्यांमध्ये बुडवून ठेवलेले मासे, रंग उडून सगळे एकसारखे पिवळट झालेले. मामा ते कपाट दर शनिवारी पुसत, पण त्यांचा त्या माशांवर जीव नव्हता. "हा मासा नाय, मॅडम. हा माशाचा मृत्यूचा दाखला," असं म्हणत. एकदा मी मुलांना प्रात्यक्षिकासाठी त्यातली एक बरणी काढून दिली. मुलं चित्र काढत होती आणि मामा फडकं हातात घेऊन खिडकीबाहेर बघत होते. ते इतक्या निगुतीने बाहेर बघत होते की मला संशय आला. मी बरणी उजेडात धरली, नीट पाहिलं, आणि माझे कान तापले. चिठ्ठीवर एक नाव होतं आणि आत भलताच मासा होता. कितीतरी तुकड्या तो मासा चुकीच्या नावाने जर्नलात काढून पास झाल्या होत्या.

"मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"बरणी भरली तवापासून. मीच आणला होता तो."

"मग सांगितलं का नाही?"

मामांनी फडकं झटकलं. "कोणी विचारलं का?"

चिठ्ठी विभागप्रमुखांच्या गुरूंच्या हातची होती. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, तरी मी नवीन चिठ्ठी लिहिली. बरोबर नाव घातलं आणि खाली आमच्या शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे 'ओळख पटवणारे' असं लिहून पुढे माझं नाव टाकलं. मामांनी ती चिठ्ठी व्यवस्थित डिंक लावून चिकटवली. त्या दिवशी मला त्यात काही खटकलं नाही.

मामांचे मासे राहत होते कॉलेजच्या मागे. तिथे इमारती संपून भाजीचे आणि शेवंतीचे मळे लागतात, आणि मळ्यांच्या कडेने एक ओहळ वाहतो. सगळे त्याला नालाच म्हणतात. वरच्या अंगाला त्याचे स्वतःचे झरे आहेत, म्हणून उन्हाळ्यातही त्याची धार तुटत नाही. पुलाखाली तो घाण होतो, पण पुलाच्या वर दोनेकशे पावलं त्याचं पात्र असं आहे की गोटे, वाळू, एक छोटी धार, मग मांडीभर पाण्याचा डोह, परत गोटे. मामा रोज डबा तिथे खायचे. नागलीची भाकरी, एखादी कोरडी भाजी, आणि शेवटचा तुकडा कुस्करून पाण्यात.

मला ते पहिल्यांदा तिथे घेऊन गेले तेव्हा मी जाळं, टब, नोंदवही, कॅमेरा असा सगळा संसार घेतला होता. मामांनी मला काठावरच्या खडकावर बसवलं, चप्पल काढायला लावली आणि पाय पाण्यात सोडायला सांगितले. मग म्हणाले, "आता गप बसा."

"किती वेळ?"

"पाण्याला तुमची सवय होईस्तोवर."

दहा मिनिटं काही झालं नाही. नंतर गोट्यांच्या सावल्या हलायला लागल्या आणि त्या सावल्या नव्हत्या. मामा नाव सांगत नसत. "नाव मागनं. आधी तो काय करतो ते बघा," म्हणत. एक जण पोटाने दगडाला चिकटून शेवाळ खात होता, धार कितीही जोरात आली तरी सुटत नव्हता. तो मळ्या. एकाच्या अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ होती, आणि तो येई, टोचे आणि पळे. तो दांडवण. चकचकीत खवल्यांचा घोळका एकदम वळला, त्या खवल्या. वाळूतून मिशा बाहेर काढून बसलेली मुरी मला तर मामांनी बोट दाखवूनही दिसेना. डोहाच्या कडेला एक जाड डोक्याचा मासा वर येऊन हवेचा घोट घेऊन गेला, तो डोक, मरळीचा धाकटा भाऊ. आणि काचकी, जिच्या अंगातून आरपार काटे दिसतात. हे सगळे मी पुस्तकात, बरणीत, परीक्षेत पाहिले होते. जिवंतपणी त्यांची आणि माझी ओळख त्या दिवशी झाली, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं, मामा?"

"आमची आत, बापाची बहीण. तिला दिसत नव्हतं. पाण्यात पाय सोडून बसायची आणि कोण आलं ते सांगायची."

मला ती थाप वाटली.

मग एका सरकारी खात्याकडून त्या ओहळाचं काम निघालं. दर पावसाळ्यात काठ ढासळून मळ्यांची माती वाहून जात होती, ही तक्रार खरीच होती. त्यावर उपाय ठरला तो असा, की दोन्ही बाजूंनी भिंत आणि तळालाही काँक्रीट. गोटे उपसायचे, वाळू काढायची, पात्र गुळगुळीत करायचं. म्हणजे मळ्याला दगड नाही, मुरीला वाळू नाही. कामाआधी पाहणी करायला दोन तरुण आले. त्यांनी भर दुपारी पुलाखालच्या घाण डोहात जाळं टाकलं, त्यात चार चिलापी, म्हणजे बाहेरून आणलेले तिलापिया, आल्या, आणि अहवालात एक ओळ आली की सदर नाल्यात स्थानिक मासे आढळून आले नाहीत.

तो अहवाल मी मामांना वाचून दाखवला. त्यांना राग आला की ते आधी चष्मा पुसायचे. तो पुसून झाल्यावर म्हणाले, "द्वारकेच्या चौकात उभं राहायचं आणि लिवायचं, नाशकात नुसते ट्रकवाले राहत्यात. तसं झालं हे."

आम्ही अर्ज केला. वाटलं होतं तसं कोणी उत्तर दिलं नाही, पण मामा निवांत होते. ते ओहळाकाठच्या सुमनताईंकडे गेले. ताईंचा मेथी-कोथिंबिरीचा मळा अगदी पात्राला लागून, आणि दर वर्षी त्यांचा वाफाभर बांध जायचा. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "गावितभाऊ का भोयेभाऊ, काय तुमचं नाव आसंल ते, मला भिंत पाहिजे. मासे राहू द्या नायतर जाऊ द्या."

मामा म्हणाले, "भिंत बांधाच. मी कुठं नाय म्हणतो?" आणि उठता उठता एवढंच विचारलं, "ताई, तुमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी कुठून येतं?"

ताईंनी ओहळाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळ्यासाठी दोन जुन्या साड्या स्वतःहून पाठवल्या. आमची मागणी तेव्हापासून चार शब्दांची झाली. काठ बांधा, तळ सोडा.

शेवटी त्या खात्याचे इंजिनिअर साहेब स्वतः यायला तयार झाले. सकाळी नऊची वेळ दिली आणि मला फोनवर म्हणाले, "मॅडम, मला कागद नको, मासे दाखवा. दिसले तर बघू. सोमवारी मशीन लागणार आहे." म्हणजे जे काय ते त्या एका सकाळवर अवलंबून होतं. मामा आणि मी सातलाच ओहळावर गेलो. साडीचं एक टोक मी धरलं, एक त्यांनी, आणि तासाभरात पांढऱ्या टबांमध्ये सहा जातींचे मासे हजर झाले. मी प्रत्येक टबाला चिठ्ठी लावली आणि फोटो आता कशाला, साहेबांच्या समोरच काढू, असा विचार केला. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या चुकांमध्ये हा विचार येतो.

नऊ वाजले, दहा वाजले. साहेबांचा फोन लागेना. मी रस्त्यापर्यंत जाऊन वाट बघत उभी राहिले. अकराला त्यांची गाडी आली. "सॉरी, द्वारकेला अडकलो होतो," असं म्हणत साहेब उतरले. मी त्यांना बांधावरून खाली घेऊन आले आणि पाहिलं, तर टब पालथे घालून ठेवलेले. मामा खडकावर बसले होते.

"मासे कुठायत?"

"सोडले."

"सोडले म्हणजे?"

"पाणी तापलं होतं, मॅडम. मुरी तर आडवी व्हायला लागली होती. मंत्री उशिरा येणार म्हणून शाळेतली पोरं उन्हात उभी करत्यात, तसं माशांना उभं करायचं का?"

मला त्या क्षणी मामांचा विलक्षण संताप आला. ज्या माशांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचा एकमेव पुरावा या माणसाने दयाबुद्धीने ओहळात ओतून दिला होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत," ते म्हणाले, आणि ते आता परत फिरणार हे मला दिसलं.

मामा उठले नाहीत. त्यांनी शेजारचा खडक हाताने पुसला. "पंधरा मिन्टं लय झाली, साहेब. बूट काढा. इथं बसा. पाय पाण्यात सोडा आणि हलवू नका."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. काय त्यांच्या मनात आलं कोण जाणे, उन्हाने जीव कासावीस झाला असेल, ते बसले. बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले आणि चकचकीत पँट दुमडून पाय गार पाण्यात सोडले. त्यांच्या तोंडून "आहा" असा आवाज आला. सुमनताई वरच्या बांधावर खुरपं घेऊन थांबल्या.

पाच-सहा मिनिटांनी साहेब दचकले. "काहीतरी चावलं."

"टोचलं आणि गेलं?" मामांनी विचारलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, पाय साहेबांच्या पायांशेजारी पाण्यात. "तो दांडवण. आता बघा, काळी रेघ दिसंल."

साहेबांनी वाकून पाहिलं. "आहे. काळी रेघ आहे."

"आता बोटांच्या मधे गुदगुल्या होतील. त्या खवल्या, एकट्या येत नाय त्या. टाचेला खरखर चाटतोय आणि जागचा हलत नाय, तो मळ्या. आता पायाखालची वाळू सरकंल जराशी. घाबरू नका, ती मुरी. ती निघाली, तुम्ही तिच्या घरावर पाय ठेवलाय."

मामा एकेक नाव घेत गेले आणि साहेब वाकून वाकून बघत गेले. प्रत्येक वेळी तोच मासा. मी मामांची लोणच्याची बरणी पाण्यात अर्धी बुडवून तिच्या काचेतून धडाधड फोटो काढत होते. काचकी मामांना पायाने सांगता येत नव्हती, ते त्यांनी कबूलही केलं. "ती शिवत नाय कोणाला. ती डोहाच्या सावलीत बघा. डोकबी तिथंच घोट घ्यायला वर येईल." दोघंही होते.

पंधराच्या जागी चाळीस मिनिटं झाली. साहेबांनी विचारलं, "आणि तळाला काँक्रीट केलं तर?"

मामा काही बोलायच्या आत वरून सुमनताई म्हणाल्या, "माझ्या हिरीला पाणी मग तुम्ही टँकरनं देणार का, साहेब?"

साहेब ओल्या पायांनी मोजे चढवत म्हणाले, "जातींची यादी द्या. फोटो, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव. आणि ओळखणाऱ्याचं नाव, पद, सही. उद्या संध्याकाळपर्यंत."

मी त्याच रात्री यादी केली. तक्ता सुरेख झाला. शेवटच्या रकान्यात 'ओळख पटवणारे' असं लिहिलं होतं आणि तिथे माझा हात थांबला. 'प्रयोगशाळा परिचर' असं पद लिहिलं तर कागद परत येईल, मशीन सोमवारी येईल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही असेल. पण मी साहेबांना फोन करून विचारलं नाही. दोन नावं लिहिता आली असती, तीही लिहिली नाहीत. सहाही ओळींपुढे माझं नाव, माझी पदवी आणि माझी सही करून कागद गेला.

काम झालं. दोन्ही काठांना भिंत आली, सुमनताईंचा वाफा वाचला, आणि पुलाच्या वर दोनशे पावलं तळ तसाच राहिला. कॉलेजात माझा सत्कार झाला. मामांनी त्या दिवशी खुर्च्या मांडल्या. मला लाज वाटली, पण ती भाषण संपेपर्यंतच टिकली, हे त्याहून वाईट.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ, पाच भाषणं. सगळ्यांनी त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल सांगितलं, माशांबद्दल कोणीच नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी काहीतरी गुळगुळीत बोलून बसले. चहाच्या वेळी पाहिलं तर मामा नव्हते. ते कुठे असतील हे शोधायची गरज नव्हती.

खडकावर शालीची घडी ठेवून ते पाय सोडून बसले होते. मी चप्पल काढून शेजारी बसले. पाय पाण्यात सोडले. मग मी म्हटलं, "मामा, त्या यादीवर माझं एकटीचं नाव आहे."

"माहीत हाय."

"कसं?"

"झेरॉक्स कोणी काढून आणली? मीच ना."

खरंच की. कागद मीच त्यांच्या हातात दिला होता, तीन प्रती काढून आणा म्हणून. इतकी सवय झाली होती मला, की ते वाचतील हेसुद्धा डोक्यात आलं नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं. मामांनी हात वर केला.

"थांबा. हलू नका. तुमच्या पायाशी कोणतरी आलंय. डोळे मिटा. कोण ते सांगा."

मी डोळे मिटले. "दांडवण."

"घाई करू नका."

मी थांबले. वरच्या पुलावरून गाड्या जात होत्या. टाचेला काहीतरी खरखरीत लागलं, सरकलं नाही, तिथेच लागत राहिलं. पाण्याची धार पायावरून जोरात चालली होती आणि ते सुटत नव्हतं.

"मळ्या," मी म्हणाले. "मळ्याच आहे."

मामांनी वाकून पाहिलं. हात पाण्यात बुडवला, पण माशाला शिवले नाहीत.

"मळ्याच," ते म्हणाले. "आता त्या यादीवरचं नाव बरोबर हाय."

मग त्यांनी चप्पल घातली, शाल काखेत मारली आणि सुरगाण्याची गाडी गाठायला बांधावरून चढून गेले. निरोपासाठी घातलेल्या नव्या पँटचे पाय घोट्यावर दोन घड्या दुमडलेले होते.